दहा हजार वटवाघळं म्हणजे किती?

महाराष्ट्राचा नकाशा घ्या, कर्कटकाचं टोक महाबळेश्वरवर रोवा आणि प्रमाणात सत्तर किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. पश्चिमेला ते हर्णैचा किनारा ओलांडून समुद्रात उतरतं, उत्तरेला पुण्याला जाऊन टेकतं. सातारा, वाई, महाड, रायगड किल्ला, चिपळूण, पाटण आणि कोयनेचं धरण हे सगळं आत येतं. या वर्तुळाचं क्षेत्रफळ भरतं सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर. अख्खा सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे हे वर्तुळ त्याच्या जवळपास दीडपट झालं.

सत्तर हा आकडा माझ्या मनातला नाही. आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांचा अभ्यास केला आणि १९६२पासून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेखमाला म्हणून छापला. त्यात मिनिऑप्टेरस प्रजातीतल्या एका छोट्या कीटकभक्षी वटवाघळाविषयी विलक्षण निरीक्षण आहे. या वटवाघळाचे पंख लांब आणि निमुळते असतात, म्हणून इथे त्याला लांबपंखी म्हणतो. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. ब्रॉसे यांना दिसलं की लांबपंखींची वस्ती एका मुख्य गुहेभोवती बांधलेली असते. वर्षातले काही महिने ही वटवाघळं आजूबाजूच्या दुय्यम गुहांमध्ये पांगतात, आणि त्या दुय्यम गुहा मुख्य गुहेपासून सत्तर किलोमीटरपर्यंत लांब असू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या लांबपंखींवर त्याच दशकात झालेल्या कामातूनही हेच पुढे आलं. तिथल्या संशोधकांनी तर वस्तीची व्याख्याच अशी केली, की ज्या माद्या बाळंतपणासाठी एकाच गुहेत येतात, त्या सगळ्या मिळून एक वस्ती.

महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्हमध्ये लांबपंखी राहत असल्याच्या जुन्या नोंदी आहेत. कर्कटक तिथे रोवायचं कारण हेच.

आता या वर्तुळाकडे पुन्हा पाहा. समजा त्यात कुठे पाटणजवळच्या एखाद्या कपारीत दोनशे, कुठे रायगडाच्या बाजूला पाचशे, कुठे एखाद्या पडक्या भुयारात हजारभर अशी वटवाघळं विखुरलेली आहेत. कपारीगणिक मोजत गेलं तर वाटेल, किती ठिकाणी आहेत, एवढ्यात काही संपत नाहीत. पण त्या सगळ्या माद्या विण्यासाठी एकाच भोकात येणार असतील, तर १५,४०० चौरस किलोमीटरचं भवितव्य घराएवढ्या एका पोकळीच्या छतावर टांगलेलं असतं. ती पोकळी गेली की सगळं वर्तुळ जातं. लगेच नाही. वटवाघूळ दीर्घायुषी असल्यामुळे म्हाताऱ्या माद्या वर्षानुवर्षं दिसत राहतात आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे. गुहेत राहणाऱ्या वटवाघळांच्या बाबतीत आपण चुकीची गोष्ट मोजतो. एका गुहेतली दहा हजार वटवाघळं ही संवर्धनाच्या हिशेबात दहा हजार धरायची नसतात. ती एक धरायची असतात.

जगात वटवाघळांच्या १,४००हून जास्त जाती आहेत. सस्तन प्राण्यांची दर पाचवी जात वटवाघळाची आहे. त्यातल्या जवळपास निम्म्या जाती गुहा, भुयारं, खाणी अशा जमिनीखालच्या जागा नियमित वापरतात, आणि यातल्या बहुतेक उष्ण कटिबंधात आहेत. आपला सह्याद्री याच पट्ट्यात येतो. पण आपल्याकडे एक मोठी अडचण आहे, ती दगडाची. मेघालयात किंवा थायलंड-मलेशियात चुनखडीचे डोंगर आहेत. चुनखडी पाण्यात विरघळते आणि डोंगराच्या पोटात किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या गुहा तयार होतात. सातारा-सांगलीचा डोंगर काळ्या बेसॉल्टचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वटवाघळांचे आजवर मिळालेले सर्वांत जुने सांगाडे सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे, अमेरिकेतल्या वायोमिंगचे. म्हणजे कासच्या पठाराखालचा कातळ या सांगाड्यांहून कोटभर वर्षांनी जुना आहे. आणि हा कातळ पाण्यात विरघळत नाही. त्यात पोकळी होते ती दोन थरांमधला मऊ भाग झिजल्यावर किंवा माथ्यावरच्या जांभ्याखालची माती वाहून गेल्यावर. म्हणून आपल्याकडच्या नैसर्गिक गुहा लहान आणि उथळ, आणि त्याही मोजक्या.

उरलेली सोय माणसानं केली. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. वाईजवळ लोहाऱ्याला आहेत, शिरवळला आहेत. किल्ल्यांवरची खांबटाकी, चोरवाटा, जुनी भुयारं आहेत. रामदासांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या घळी आहेत, सज्जनगडाजवळची, हेळवाकची, मोरघळ. ज्या भिक्षूंनी दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळ्यात राहण्यासाठी डोंगर कोरला, त्यांच्या हातून अंधाऱ्या, दमट, बाराही महिने एकसारख्या तापमानाच्या खोल्या तयार झाल्या. वटवाघळाला हवी असते ती नेमकी अशीच खोली. आज आपण ती जागा साफ करतो, दिवे लावतो, लोखंडी जाळी ठोकतो आणि ‘वास मारतो’ म्हणून धूर करतो. वारसा जपण्याच्या कामात चूक नाही. पण त्या खोलीत कोण राहतं, हे आधी पाहायला हवं.

खोलीचं महत्त्व बाळंतपणात कळतं, म्हणून तिथे जरा थांबू.

वटवाघळाची मादी सहसा एका वेळी एकच पिल्लू घालते. कीटकभक्षी जातींत बहुतेक वेळा वर्षाला एकच. रॉबर्स केव्हमधली दुसरी रहिवासी, फळं खाणारी रौसेटस, वर्षात दोनदा विते, पण तेव्हाही एकेकच. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं वजन आईच्या वजनाच्या पाव भागाइतकं भरू शकतं. पंचावन्न किलोच्या बाईला चौदा किलोचं बाळ व्हावं, तसं हे प्रमाण. मादी ते छताला लटकून, पायांमधल्या पडद्यात अलगद झेलते. पिल्लाचे डोळे मिटलेले, अंगावर लव नाही. मात्र पाय जवळपास पूर्ण वाढलेले असतात आणि दुधाचे दात आतल्या बाजूला आकड्यासारखे वळलेले असतात, कारण पहिल्या तासापासून त्याला एकच काम येणं गरजेचं असतं: धरून ठेवणं. नालनाक्या वटवाघळांच्या माद्यांना तर पोटाच्या खालच्या बाजूला आणखी दोन स्तनाग्रं असतात. त्यांत दूध नसतं. ती नुसती पिल्लाला पकडायला असतात.

कीटकभक्षी मादी रात्री शिकारीला जाते तेव्हा पिल्लू गुहेतच ठेवते. उघडं पिल्लू एकटं असेल तर गारठून मरेल. म्हणून पिल्लं एकमेकांना चिकटून गठ्ठ्यानं लटकतात, आणि हे गठ्ठे छतातल्या अशा घुमटीत असतात जिथे गरम हवा अडकून राहते. हजारो अंगांची ऊब त्या घुमटीत साठते. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ब्रॅकन केव्हमध्ये मोजलेली घनता ऐकून विश्वास बसत नाही: एका चौरस फुटात पाचशेपर्यंत पिल्लं. वर्तमानपत्राचं एक पान भिंतीवर चिकटवलं तर त्याच्याखाली हजारभर जीव. आणि लाखोंच्या त्या घोळक्यात परतलेली आई आपलंच पिल्लू शोधते. आवाजानं आणि वासानं. १९८४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्ताच्या नमुन्यांवरून दिसलं, की सुमारे ८३ टक्के माद्या स्वतःच्याच पिल्लाला पाजत होत्या.

इथे संख्येचा अर्थ बदलतो. पुरेशी अंगं नसतील तर घुमटी तापत नाही, आणि घुमटी तापली नाही तर पिल्लांची वाढ खुंटते. म्हणजे दहा हजारांची वस्ती दोन हजारांवर आली तर ती पाचव्या हिश्शानं चालू राहील असं नाही. एका मर्यादेखाली ती चालतच नाही. गर्दी हीच त्यांची शेगडी आहे.

भरून निघण्याचा हिशेबही करून पाहा. समजा एखाद्या गुहेत दहा हजार होती, ती हजारावर आली. पुढे कुणी त्रास दिला नाही, सगळं सुरळीत झालं आणि दरवर्षी पाच टक्क्यांनी वस्ती वाढत गेली, तरी पुन्हा दहा हजार व्हायला सत्तेचाळीस वर्षं लागतात. हजारावर यायला मात्र एक संध्याकाळ पुरते: मे महिन्यात पेटवलेलं ओलं गवत, फटाक्यांची एक माळ, किंवा जोरदार टॉर्च घेऊन आत शिरलेला वीस-पंचवीस जणांचा गट. घाबरून उडालेल्या माद्यांच्या अंगावरून पिल्लं खाली पडतात, आणि पडलेलं पिल्लू बहुधा उचललं जात नाही. आपल्या भागात अनेक जातींची वीण उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत असते. महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांची सर्वांत मोठी गर्दीही मे महिन्यातच होते. दोन हंगाम नेमके एकमेकांवर आदळतात.

मोठ्या संख्येमुळे सुरक्षिततेचा किती भ्रम होतो, याचं जगातलं एक उदाहरण फार भयंकर आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या ईगल क्रीक केव्हमध्ये १९६३ साली अडीच कोटींहून जास्त वटवाघळं असल्याचा अंदाज नोंदवला गेला. १९६९ साली तिथे तीस हजार उरली होती. सहा वर्षांत हजारातली एक. जुन्या मोजणीच्या पद्धतीवर पुढे शंका घेतल्या गेल्या, पण आकडा निम्मा किंवा पावपट धरला तरी कोसळणं तेवढंच भीषण राहतं.

ब्रॅकन केव्हमध्ये आजही दीड ते दोन कोटी वटवाघळं उन्हाळ्यात जमतात. सगळी बाहेर पडायला तीनेक तास लागतात. दीड कोटी धरली तर दर सेकंदाला चौदाशे. एका रात्रीत ती शंभर टनांहून जास्त किडे खातात. उष्ण कटिबंधात फिलिपिन्सच्या समाल बेटावरच्या मॉनफोर्ट गुहांमध्ये रौसेटस प्रजातीचीच सुमारे अठरा लाख वटवाघळं राहतात. मलेशियाच्या मुलू भागातल्या डीअर केव्हमधून संध्याकाळी वीस-तीस लाखांची काळी नागमोडी रेघ आकाशात निघते.

आणि या टोकाच्या अगदी विरुद्ध टोकाला बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली तळेवाडी आहे.

तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. आता हा भाग भीमगड अभयारण्यात येतो. इथल्या एका मोठ्या कानांच्या वटवाघळाला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली नाव दिलं, मुंबई इलाख्यातले वन अधिकारी रॉबर्ट रॉटन यांच्या सन्मानार्थ. त्यानंतर जवळपास नऊ दशकं संपूर्ण पृथ्वीवर या जातीचा दुसरा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. एक जात, एक गुहा, आणि तिच्यात चाळीस-पन्नास जीव. पुढे कंबोडियात एक आणि मेघालयाच्या गुहांमध्ये काही मिळाली, तेव्हा जगानं निःश्वास सोडला. कर्नाटकातच कोलार जिल्ह्यात हनुमनहळ्ळीच्या खडकाळ टेकडीवर एक पाननाकं वटवाघूळ आहे. त्याला १९९४ साली नाव मिळालं आणि आज त्याचा एकच पत्ता उरला आहे. संख्या दोनशेच्या आत. त्या टेकडीवर ग्रॅनाइटच्या खाणी सुरू होत्या. सुरुंगाचा एक चुकीचा बार आणि एक जात पृथ्वीवरून गेली असती.

अठरा लाखांची मॉनफोर्ट आणि चाळीस जीवांची बारापेडे यांत संवर्धनाच्या दृष्टीनं फरक वाटतो तेवढा नाही. दोन्हीकडे कुलूप एकाच दाराला लागतं.

आता महाबळेश्वरकडे परत येऊ, कारण साताऱ्याच्या वटवाघळांवर सर्वांत मोठं संकट एका आकड्यामुळे येऊ शकतं. तो आकडा तेहेतीस.

मार्च २०२०मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या पथकानं महाबळेश्वरच्या गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले. डॉ. प्रज्ञा यादव यांच्या नेतृत्वाखालच्या या कामाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. तेहेतीस रौसेटस आणि एक पाकोळीएवढं पिपिस्ट्रेल, यांच्या रक्तात जीवघेण्या निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. दोन्ही जातींच्या एकेका वटवाघळात विषाणूच्या आरएनएचे अंशही दिसले. शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘संभाव्य’ हा शब्द आवर्जून होता. बातम्यांत तो गळून पडला.

प्रतिपिंडं म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे. शरीराचा कधी तरी त्या विषाणूशी, किंवा त्याच्या जवळच्या भाऊबंदाशी, सामना झाला होता आणि शरीरानं तो निभावला, एवढाच त्याचा अर्थ. आपल्यातल्या कुणाची कांजिण्यांची प्रतिपिंडं तपासली तर बहुतेकांत सापडतील. त्यावरून आपण आज कांजिण्या पसरवतोय असं ठरत नाही. महाराष्ट्रात माणसांत निपाहचा उद्रेक झालेला नाही. हे संशोधन देखरेखीसाठी होतं, आणि अशी देखरेख व्हायलाच हवी. रौसेटसनं उष्टावलेलं फळ खाऊ नये, गुहेत विनाकारण शिरू नये, पडलेल्या वटवाघळाला उघड्या हातानं उचलू नये, हे सगळं बरोबर आहे.

चूक पुढे होते. ‘मग गुहाच जाळून टाका की,’ हे वाक्य अशा बातमीनंतर कुणी ना कुणी म्हणतंच. त्याला उत्तर द्यायला तत्त्वज्ञान नको, युगांडातला एक प्रयोग पुरे. तो कुणी मुद्दाम केला नव्हता, घडला.

युगांडातल्या किटाका खाणीत रौसेटसच्याच आफ्रिकी भावंडांची एक लाखाहून मोठी वस्ती होती. २००७ साली खाणकामगारांना मारबर्ग विषाणूची लागण झाली. निपाहसारखाच जीवघेणा आजार. तेव्हा तपासलेल्या वटवाघळांपैकी ५.१ टक्क्यांत जिवंत संसर्ग होता. २००८ साली ती सगळी वस्ती मारून टाकण्यात आली. चार वर्षांनी पाहिलं तर खाणीत पुन्हा वटवाघळं आली होती, मूळ संख्येच्या जेमतेम एक ते पाच टक्के. पण आता त्यांच्यातलं संसर्गाचं प्रमाण होतं १३.३ टक्के. अडीचपटीहून जास्त. आणि २०१२ साली खाणीपासून सुमारे वीस किलोमीटरवरच्या गावात युगांडातला तोवरचा सर्वांत मोठा मारबर्गचा उद्रेक झाला.

कारण कळायला अवघड नाही. जुन्या वस्तीत बहुतेक वटवाघळांना लागण होऊन गेलेली असते. त्यांच्या अंगातली प्रतिपिंडं हाच विषाणूच्या वाटेतला बांध असतो. ती सगळी मारली की बांध फुटतो. रिकाम्या जागेत बाहेरून नवी, कोवळी, कधीच लागण न झालेली वटवाघळं येतात आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. ते तेहेतीस प्रतिपिंडवाले जीव महाबळेश्वरात जिथे आहेत तिथे निवांत लटकत राहणं हे आपल्या आरोग्यासाठीही सर्वांत सुरक्षित आहे.

कायद्यानंही या फळखाऊ वटवाघळांवर बराच काळ अन्याय केला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांची जागा पाचव्या अनुसूचीत होती, उंदीर-घुशी आणि कावळ्यांबरोबर, ‘उपद्रवी’ म्हणून. मारलं तरी गुन्हा नाही. २०२२च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच रद्द केली, आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. पन्नास वर्षं लागली. द्राक्षबागायतदाराला रौसेटसचा त्रास होतो हे खरं आहे. तासगाव-मिरज भागात वर्षभर राबून आणलेला माल एका रात्रीत कुरतडला गेला तर त्याचं दुःख मी कमी लेखणार नाही. त्यावर बागेला नीट ताणलेली जाळी हा उपाय आहे, आणि तिच्या अनुदानाची मागणी रास्त आहे.

पण सांगली-साताऱ्याच्या शेताचा हिशेब नुसत्या द्राक्षांवर थांबत नाही. उसाला लागणाऱ्या हुमणी अळीचं उदाहरण घ्या. वळवाचे पहिले पाऊस पडले की तिन्हीसांजेला जमिनीतून तिचे भुंगेरे निघतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. म्हणजे अंडी घालण्याआधी दहा माद्या कुणी खाल्ल्या तर पाच-सहाशे अळ्या जन्मालाच येत नाहीत. कीटकभक्षी वटवाघूळ गुहेतून निघतं ते याच वेळी. रात्रभरात ते स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या ते निम्म्या हिश्शाएवढे किडे खातं. बारा ग्रॅमच्या वटवाघळाचे चार ग्रॅम धरा. दहा हजारांची एक वस्ती रात्रीला चाळीस किलो किडे संपवते, वर्षातल्या तीनशे रात्री धरल्या तर बारा टन. यात भुंगेरे, पतंग, तुडतुडे, डास सगळंच आलं.

हे काम ती कसं करतात तेही पाहा. मीटरभर अंतरावरच्या पतंगाचा प्रतिध्वनी सहा हजारांश सेकंदात परत येतो. तेवढ्यात तो किती लांब आहे आणि कुठे वळतोय हे वटवाघळाला कळलेलं असतं. शेवटच्या झडपेच्या क्षणी ते सेकंदाला दोनशेपर्यंत हाका मारतं. आपला कान वीस किलोहर्ट्झला थांबतो, त्यामुळे डोक्यावर चाललेला हा कल्लोळ आपल्याला शांतता वाटतो. रौसेटस मात्र वेगळी. ती घशातून हाक मारत नाही, जिभेनं टिचक्या मारते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशा जोडीजोडीनं. त्या टिचक्या माणसाला ऐकू येतात. गुहेच्या तोंडाशी दिवा न लावता थांबलं तर पंखांच्या फडफडीत ती बारीक टकटक वेगळी उमटते.

या कामाचं मोल पैशात मांडायचं तर अमेरिकी शेतीपुरता एक अंदाज २०११ साली ‘सायन्स’मध्ये आला होता: वर्षाला सुमारे २,२९० कोटी डॉलर. त्याहून हादरवणारा आकडा २०२४चा आहे. अमेरिकेत २००६पासून एका बुरशीनं थंड गुहांतली लाखो वटवाघळं मेली. शिकागो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ इयल फ्रँक यांनी वटवाघळं गेलेल्या आणि न गेलेल्या परगण्यांची तुलना केली. जिथे वटवाघळं गेली तिथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला होता, आणि तिथे बालमृत्यूंचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी चढलं होतं. फ्रँक यांच्या हिशेबानं ते १,३३४ जादा बालमृत्यू होतात. आपल्याकडे ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यात फवारणी किती होते, हे सातारा-सांगलीतल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

थायलंडमध्ये भातावरच्या तुडतुड्यांना खाणाऱ्या एका गुहावासी जातीचा देशपातळीवरचा हिशेब झाला आहे. ती वटवाघळं वर्षाला सुमारे २,९०० टन भात वाचवतात, म्हणजे २६ हजार माणसांचं वर्षभराचं पोट. यातली एक मोठी वस्ती राचबुरी प्रांतातल्या खाओ चोंग प्रान या गुहेत आहे. ती गुहा एका बौद्ध मठाची. गुहेतलं वटवाघळांचं खत मठ विकतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खताचं उत्पन्न घसरत होतं, कारण चोर रात्री जाळी लावून हजारोंनी वटवाघळं पकडत होते, खानावळींसाठी. मर्लिन टटल या अमेरिकी अभ्यासकाच्या सल्ल्यावरून मठानं राखणदार नेमला. चोरी थांबली, वस्ती सावरली आणि काही वर्षांत खताचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं. लाखो वटवाघळं वाचली ती पगारी राखणदारामुळे.

आपल्याकडेही करायचं काम एवढंच आहे, आणि ते महागडं नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या लेणी, घळी, भुयारं आणि टाक्यांची एकच यादी हवी, आणि प्रत्येकीपुढे दोन प्रश्न: वटवाघळं आहेत का, आणि इथे वीण होते का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असलेल्या जागा फार नसतील, पण मोल त्यांनाच आहे. त्या एप्रिल ते ऑगस्ट पूर्ण बंद ठेवायच्या. मोजणी आत शिरून करायची नाही. संध्याकाळी तोंडाबाहेर बसून, बाहेर पडणारी मोजायची. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी हे उत्तम करू शकतील, आणि दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागेवरून केलं तर दहा वर्षांत हातात खरा कल येईल.

एक धोक्याची सूचना मात्र द्यायला हवी. गुहा वाचवायची म्हणून तिच्या तोंडाला लोखंडी दार बसवण्याची घाई नको. काही जाती आडव्या गजांमधल्या फटीतून सहज ये-जा करतात, पण लांबपंखी तशी नाही. ती वेगानं, सरळ उडते, आणि दार बसवल्यावर तिनं गुहाच सोडल्याची उदाहरणं युरोपात आहेत. तिच्यासाठी तोंड उघडंच ठेवायचं आणि काही अंतर सोडून भोवतीनं कुंपण घालायचं. पाटी मराठीत हवी, बंदीचे महिने तिच्यावर ठळक हवेत, आणि मे महिन्याच्या शनिवार-रविवारी तिथे गावातलाच एक माणूस पगारावर बसलेला हवा.